मालिकेतला थोरला

२ मार्च, सोमवार. सकाळी ७.
आजपासून रोजनिशी. भावी चेअरमनने आपले विचार टिपून ठेवलेले बरे.
बाबांना झटका येऊन पाच आठवडे झाले. उजवी बाजू गेली, वाचा गेली. वरच्या खोलीत हॉस्पिटलची कॉट, दिवसभर नर्स. कंपनी पुढे कोणी चालवायची हे तीस तारखेला बोर्ड ठरवणार. निम्मं शहर आमच्या लिफ्टने वर-खाली करतं, तेव्हा निर्णय गंभीर आहे. धाकट्या बहिणीला कामाचा उरक आहे, पण चेअरमनला दृष्टी लागते. ती माझ्याकडे आहे.
संकल्प: रोज संध्याकाळी बाबांजवळ तासभर बसायचं. आत जाऊन.

संध्याकाळी.
जमलं नाही. परचेस मॅनेजर म्हणाला, टीव्हीवर नवी मालिका लागलीय, साहेब, अगदी तुमच्यासारखं घर. बघणं भागच होतं.

४ मार्च.
नऊ भाग पाहिले. आमचंच घर. श्रीमंत बाप अंथरुणाला खिळलेला, पोरं जेवणाच्या टेबलावर आपापल्या फोनशी बोलतायत. लिफ्टऐवजी पंपाचा कारखाना दाखवलाय. कायद्यातून निसटायची पळवाट. मला कळणार नाही असं वाटलं असावं.
आम्ही दोघंच, मालिकेत भावंडं तीन: थोरला, मधला, धाकटी. मधला म्हणजे मी. दाढी उगाच दिलीय. पण संपाच्या वेळी तो एकटा गेटवर जाऊन कामगारांशी बोलतो, तो प्रसंग थेट आमच्याकडून उचललेला. आमच्याकडे धाकटी गेली होती, पण जावं असं मलाही वाटलं होतं.
वकिलांना फोन केला. त्यांनी विचारलं, तक्रार नेमकी काय आहे. म्हटलं, कळवतो.

९ मार्च.
घरातली गोष्ट बाहेर फोडली कोणी? आज नर्सची चौकशी केली. ती म्हणाली, मी मालिका बघत नाही. मग आपणहून म्हणाली, तुम्ही दारात उभे राहिलात की बाबा डाव्या हाताची बोटं हलवतात, एकदा आत या ना. विषय बदलण्याची ही पद्धत मी ओळखून आहे. संशयितांत तिचं नाव पहिलं.
आत गेलो नाही. औषधांचा वास सहन होत नाही.

१२ मार्च.
जेवताना धाकटीला मालिकेचं सांगितलं. ती फॅक्टरीतून थेट डॉक्टरांकडे जाऊन आली होती. तिने विचारलं, “त्यात तू कोण आहेस, दादा?” सांगितलं. ती ताट उचलून आत गेली. मेव्हण्यांना ठसका लागला. त्यांना तो नेहमी सोयीच्या वेळी लागतो.

१५ मार्च, रविवार.
बायकोला फोन केला. ती तात्पुरती माहेरी आहे, सात महिने झाले. मालिका तीही बघते. मधला मी आहे म्हटल्यावर म्हणाली, “अरे, तो मधला म्हणजे तुझी बहीण. गेटवर कोण गेलं होतं? तू त्यातला थोरला आहेस.”
थोरला माझ्या लक्षातही आला नव्हता. पुन्हा सगळे भाग पाहिले. आहे खरा. प्रत्येक भागात बापाच्या खोलीचं दार उघडतो, आत बघतो, म्हणतो, “मी नंतर येतो.” जातो. बाकी काम नाही. नटाला टक्कलही आहे.
ही सरळसरळ बदनामी आहे. माझं आत न जाणं वेगळं. मी एकोणतिसाचा असताना नव्या प्लांटचं काम फसलं, तेव्हा बाबा सगळ्या फिटर लोकांसमोर म्हणाले होते, याला लिफ्टमध्ये घाला आणि खालचं बटण दाबा. लोक हसले. मीही हसलो. बाबांची विनोदबुद्धी जबरदस्त. तेव्हापासून त्यांच्या खोलीत मी कामाशिवाय जात नाही. याला शिस्त म्हणतात.
संकल्प: लेखकाला गाठून थोरला सुधारून घ्यायचा.

१९ मार्च.
धाकटीने ऑफिसात येऊन सांगितलं, बाबा शब्द उच्चारायला लागलेत. पण छातीत इन्फेक्शन उतरलंय, डॉक्टरांना भरवसा वाटत नाही. “उद्या दुपारी घरी थांब, दादा. दुसरं काही नको, नुसता बस.” थांबतो म्हटलं.
मग लेखकाच्या माणसाचा फोन. उद्या चारची वेळ. पुढच्या आठवड्यात थोरल्याच्या शेवटच्या भागांचं शूटिंग आहे. एकदा पडद्यावर आलं की जगासाठी तेच खरं. बाबा उद्या संध्याकाळी आहेतच.

२० मार्च.
टायरच्या दुकानावर एक खोली. लेखक म्हणजे पन्नाशीच्या एक बाई, चष्म्याची दांडी चिकटपट्टीने जोडलेली. फोन सायलेंटवर टाकला, रीत म्हणून. मी अर्धा तास बोललो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.
म्हणाल्या, तुमचं नाव आजच ऐकतेय. लिफ्टचं म्हणाल तर आमच्या बिल्डिंगला लिफ्टच नाही. मालिकेतलं हे घर माझं आहे. वडिलांचं खिळे-कुलपांचं दुकान होतं, दोन खोल्यांत आम्ही तिघं भावंडं. चॅनेलला बंगला हवा होता, म्हणून बंगला केला.
विचारलं, मग थोरला कोण?
“मी,” त्या म्हणाल्या. “वडील नऊ दिवस हॉस्पिटलात होते. मी औषधं आणत होते, बिस्किटं आणत होते, कॉरिडॉरमध्ये सगळ्यांना सूचना देत होते. आत गेले नाही. फार बोलले होते मला कधीतरी. म्हटलं, आधी ते हाक मारू देत.”
मी म्हटलं, निदान मालिकेत तरी त्याला आत पाठवा.
म्हणाल्या, तीनदा लिहून पाहिलं. खोटं वाटतं.
खाली येऊन फोन बघितला. चौदा मिस्ड कॉल. सगळे धाकटीचे.

२२ मार्च.
बाबा शुक्रवारी पाच वाजून दहा मिनिटांनी गेले. मी सहाला पोचलो.
नर्सने सांगितलं, तीनपासून एकच चाललं होतं: “दादा आला का?” मला दादा ते मी लहान असतानाच म्हणायचे. ट्रॅफिक होतं, असं मी तिला सांगितलं. तिने विचारलं नव्हतं.
धाकटीने माझ्यासाठी जेवण झाकून ठेवलं होतं.

३० मार्च, सोमवार.
बोर्डाची मीटिंग. रात्रभर जागून भाषण तयार केलं होतं: बाबांच्या तोंडी शेवटचं नाव माझं होतं, यावरून त्यांची इच्छा स्पष्ट होते. कागद खिशातच राहिला. चेअरमन धाकटी. सगळ्यांबरोबर मीही हात वर केला, जरा आधीच.
मग सेक्रेटरींनी शोकप्रस्ताव वाचला. “अखेरच्या क्षणी त्यांची दोन्ही मुलं त्यांच्याजवळ होती.” चष्म्यावरून माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, हे बरोबर आहे ना? टेबलावरचे सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पाण्याचा ग्लास उचलला.
धाकटी म्हणाली, “बरोबर आहे. पुढे वाचा.”
प्रस्ताव एकमताने मंजूर.
मी जवळ नव्हतो.