अंगाला लागून लोकर

सातपाटी,
ता. ५ नोव्हेंबर १९६७

श्री. रामकिसन यांस,
महादू धर्मा तांडेल याचा नमस्कार.

आम्ही सर्व इकडे खुशाल आहोत. बोटी रोज जातायत, पापलेट बरं पडतंय. सोसायटीच्या बर्फाच्या गाडीची नेहमीची बोंब आहेच.

माझं अक्षर पाहून दचकू नका. तुमच्या लग्नाला दोन वर्षं होऊन गेली, मी तुमच्याशी एक शब्द बोललो नाही, आणि आज हे एवढं लांबलचक पत्र. कारण एकच. तारापूरच्या प्लँटवरून तुम्हाला सहा महिन्यांच्या ट्रेनिंगला अमेरिकेला धाडतायत, तेही ऐन डिसेंबरात, असं कानावर आलं. कोणी सांगितलं ते विचारू नका. थंडीचे कपडे कसे घालावेत हे सातपाटीपासून दातिवऱ्यापर्यंत माझ्याइतकं कोणाला कळत नाही. अकरा वर्षं मी जहाजावर खलाशी होतो. हॅलिफॅक्स बंदरात जानेवारीच्या महिन्यात डेकवरचा बर्फ कुऱ्हाडीने फोडलाय. तेव्हा लिहितो ते नीट वाचा आणि तसंच करा.

येसू सांगत होती, तुम्ही मुंबईहून एक जाडजूड ओव्हरकोट आणणार आणि आत आपला रोजचा शर्ट. झालं! हे म्हणजे घराला भिंती नाहीत आणि दार मात्र सागवानी. (आता नाव लिहून गेलोच आहे तर सांगतो, येसूनेच, म्हणजे तुमच्या सासूनेच सांगितलं. तिच्या पाटीतलं सगळ्यात मोठं पापलेट बोईसरच्या बाजारात विकलं न जाता सरावलीला कोणाच्या घरी जातं, हे मला कळत नाही असं ती समजते. समजू दे.)

एकच जाड कपडा घातला की बाहेर कुडकुडायचं आणि खोलीत शिरलं की उकडायचं. तिकडे घरं गरम ठेवतात. घाम आला आणि तसेच बाहेर पडलात की मेलातच. म्हणून पातळ पातळ कपडे एकावर एक घालायचे, म्हणजे लागेल तसे काढता येतात. आमच्या जहाजावर दाभोळचा हुसेनभाई सारंग होता. खलाशांचा मुकादम म्हणा. तो नव्या माणसाला रांगेत उभं करून स्वतःच्या हाताने कपडे चढवायचा. अंगाला लागून पातळ लोकरीचं बनियन. सुती गंजीफ्रॉक नको, तो घामाने भिजतो आणि भिजलेलाच राहतो. त्यावर फ्लॅनेलचा शर्ट. त्यावर स्वेटर. सगळ्यांवर वारा अडवेल असा कोट. आतल्यापेक्षा वरचा प्रत्येक कपडा बोटभर सैल पाहिजे, कारण ऊब धरून ठेवते ती मधली हवा. हवाच दाबून टाकलीत तर दहा स्वेटर घाला, उपयोग शून्य.

पायजम्याच्या जागी लोकरीची लांब विजार, तिच्यावर पँट. कानटोपी घ्याच, लाजू नका. तुम्ही नगरकडचे, तुमच्याकडे हिवाळ्यात घोंगडी पांघरून शेकोटीला बसलं की भागतं. तिकडे घोंगडी पांघरून मशीन चालवता येणार नाही.

आणखी एक. तुमच्यासाठी स्वेटर विणला जातोय, शेजारच्या इंदुबाईंनी सुया धरायला शिकवलं, हेही कळलं. विणणारीला सांगा, हात सैल ठेव. ती सहा वर्षांची असल्यापासून माझ्याजवळ बसून जाळी विणत आलीय. जाळ्याची गाठ आवळावीच लागते, नाहीतर मासा निसटतो. ती त्याच हाताने लोकर आवळणार, मला इथे बसून दिसतंय. तसला स्वेटर पुठ्ठ्यासारखा होईल, त्यात हवा राहणार नाही. सरळ उसवायचा आणि जाड सुयांवर पुन्हा विणायचा. रडत बसू नकोस म्हणावं.

मी स्वतः येऊन दाखवलं असतं, पण माझा डावा पाय दुखतो. सरावलीपर्यंत येणं होत नाही.

घरच्या माणसांनी तब्येतीला जपावं. जड उचलू नये.

आपला,
महादू धर्मा तांडेल


सातपाटी,
ता. १५ नोव्हेंबर १९६७

चि. रामकिसन यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काल मिळालं. आता तुला अहोजाहो करत बसत नाही, कारण मला तुझा राग आलाय आणि रागावलं की मला अहोजाहो जमत नाही.

बनियन मिळालं, विजार मिळाली, बूट एक नंबर मोठे घेतले, हे सगळं चांगलं केलंस. स्वेटर खरंच पुठ्ठ्यासारखा झाला होता, आणि पुष्पाने माझं पत्र ऐकून तो पूर्ण उसवला, हे वाचून मी एकटाच हसलो. येसूने विचारलं काय झालं, तर सांगितलं नाही.

पण शेवटी जे लिहिलंस ते काय? सोमवारी, वीस तारखेला, ऑफिसात जाऊन ट्रेनिंगला नकार देणार? अरे, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? त्या सगळ्या डिप्लोमावाल्यांतून तुला निवडलं. अशी संधी काय दर हिवाळ्याला येते?

मग पुन्हा वाचलं. तू लिहितोस, पुष्पाला सातवा महिना लागलाय. तुला आई नाही, थोरली बहीण गोजराबाई तिकडे संगमनेरला स्वतःच्या संसारात. पहिल्या बाळंतपणाला पुष्पाला एकटीला खोलीत टाकून तू जाणार नाहीस. तिची आई दोनदा न्यायला आली, पण पुष्पा म्हणते, बाबांनी जा म्हटलं होतं, तर बाबांनीच ये म्हणायला यावं. आणि तू लिहिलंस, ‘तुमचा पाय बरा झाला तर कळवा.’

रामकिसन, माझा पाय दुखत नाही. तो दुखायचा थांबून सव्वीस वर्षं झाली.

डाव्या पायाची दोन बोटं मला नाहीत हे पुष्पाला ठाऊक आहे. नांगराच्या साखळीत सापडून गेली, असं मी अख्ख्या सातपाटीला सांगितलंय. येसूलाही. ते खोटं आहे. जहाजावर गोडं पाणी मापाने मिळायचं, म्हणून मी लोकरीचे मोजे समुद्राच्या पाण्यात धुवायचो. हुसेनभाईने दोनदा बजावलं, महादू, मोज्याला खारं पाणी लावू नको. मी हसलो. म्हटलं, मी सातपाटीचा कोळी, समुद्राचं पाणी मला कोण शिकवणार? खाऱ्या पाण्यातली लोकर वरून सुकल्यासारखी वाटते, पण आतलं मीठ दमट हवा ओढत राहतं. तिसऱ्या दिवशी बोटं बधिर झाली. हुसेनभाईने विचारलं, मी म्हटलं काही नाही. पाचव्या दिवशी ती काळी पडली आणि बंदरावरच्या डॉक्टरने कापून टाकली. आदल्या दिवशी जरी बोललो असतो तरी वाचली असती, असं तो म्हणाला. तू मोजे गोड्या पाण्यातच धू, आणि काही बधिर वाटलं तर त्याच घटकेला कोणाला तरी सांग.

लग्नाच्या वेळी मी काय काय बोललो ते तुला माहीत आहे. पोहता न येणारा जावई, समुद्र न पाहिलेला माणूस, परका. पुष्पाला म्हणालो, या घराचा उंबरा पुन्हा चढू नकोस. ती दारात उभी होती, हातात पत्र्याची पेटी. तिला हाक मारून थांबवावं, असं त्याच वेळी वाटलं होतं. पण गल्लीत माणसं जमली होती, आणि चारचौघांत शब्द फिरवायचा कसा? दुसऱ्या दिवशी फिरवू म्हटलं. मग आठवड्याने. मग पावसाळा आला. असं करत दोन वर्षं गेली. मी चुकलो, रामकिसन. तुझ्या बाबतीत चुकलो, आणि माझ्या पोरीच्या बाबतीत तर फारच.

आज सकाळी येसूला मोज्यांची हकीकत सांगितली, तुझं पत्रही वाचून दाखवलं. ती म्हणाली, “तुमचा पाय नाय दुखत, तुमची जीभ दुखते. आमी दोनदा जाऊन आलो, आमच्या जाण्यानं नाय भागायचं. मुराळी तुमीच हाय.” मग पदर तोंडाला लावून रडत बसली, आणि थोड्या वेळाने उठून आतल्या खोलीतली जाळी बाहेर काढायला लागली. म्हणे बाळंतिणीला उजेडाची खोली पाहिजे.

मुलीला माहेरी आणायला मुराळी जातो तो बहुतेक भाऊ असतो. पुष्पाला भाऊ नाही, आणि असता तरी या वेळी त्याला पाठवला नसता. रविवारी, एकोणीस तारखेला, सकाळच्या गाडीने मी बोईसरला उतरतो. तिथून सरावलीपर्यंत चालत येईन.

तू सोमवारी ऑफिसात होकार दे. फेब्रुवारीत तुझं मूल सातपाटीत जन्मेल, आणि तार मी स्वतः करीन. कोणी विचारलं कोणाचं, तर नगरच्या रामकिसनचं, माझ्या जावयाचं, असं मी बंदरावर उभा राहून सांगेन. त्या वेळी जी माणसं गल्लीत जमली होती, तीच बंदरावर असतात.

आता एक मागणं. रविवारी दार पुष्पाला उघडू दे. तू मध्ये पडू नकोस, बसा म्हणू नकोस, पाणी आणू नकोस. तिला जे बोलायचं असेल ते मी उंबऱ्याबाहेर उभा राहून ऐकेन, कितीही वेळ लागो. नंतर ती आत ये म्हणाली, तरच येईन.

तिचा बाप आणि तुझा सासरा,
महादू