एक नळी, दोन नावं

दोहा,
शुक्रवार, १२ नोव्हेंबर २०२१

प्रिय संजीव,

तीन वर्षांनी माझं अक्षर बघून पाकीट बाजूला ठेवलं नसशील, असं धरून लिहिते. तब्येत कशी आहे? सिन्नरला दवाखाना टाकलास, हे तुझ्या लेकीकडून, गार्गीकडून कळलं. बरं वाटलं.

इथे ऊन उतरलंय. वर्ल्ड कपला वर्ष उरलं, त्यामुळे रोज एखादा नवा रस्ता उघडतो नाहीतर जुना बंद होतो. मुशैरिबला मेट्रो आली. तू असताना नुसता खड्डा होता. सुटीच्या दिवशी मी शेवटच्या स्टेशनपर्यंत जाते आणि त्याच गाडीने परत येते. हातात उगाच एक पिशवी धरते, कामाला निघाल्यासारखी.

हॉस्पिटलचं सांगते. कंपनीने इमर्जन्सीच्या रेसिडेन्सीच्या जागा सहावरून अठरा केल्या. शिकणारे स्वस्तात ड्यूट्या करतात, म्हणून शिकवणारे कमी केले. आपला सुदानी सीनियर, अबूबकर, त्याची नोकरी जूनमध्ये खलास. आणि शिकून तयार झालेल्यांना तरी नोकरी कुठे? पहिल्या तुकडीतल्या सहापैकी दोघांना मिळाली. बाकीच्यांचं काम नवे रेसिडेंट करतात. तुझी लाडकी हैदराबादची तय्यबा विमा कंपनीत फोनवर बसते. परवा भेटली. हसत म्हणाली, "मॅम, कोई छाती में दर्द बोले तो मैं बोलती हूँ, इमर्जन्सी जाओ. बस, मैं ही नहीं जाती."

मग हसू थांबलं. दुसऱ्या एका हॉस्पिटलने तिची चाचणी घेतली होती. "मॅम, किताब में चालीस हैं, हाथ में उन्नीस."

तुला लगेच कळलं असेल. श्वासनलिकेत नळी घालायची एकाने, शेजारी मान धरायची दुसऱ्याने, आणि लॉगबुकात दोघांच्याही नावावर एकेक नळी. तू दुसरं नाव लाल पेनाने खोडायचास. तू गेल्यावर ती पुस्तकं माझ्याकडे आली. मी कचरले, तेव्हा आपला मॅनेजर कुशल म्हणाला, "मॅडम, तुम्ही पुण्याच्या, मीही पुण्याचा, एवढं काय? दोघांनी बघितलं म्हणजे दोघं शिकले. यल्ला, सही करा."

मी केली. पुढेही करत राहिले. त्याच आकड्यांवर वाढीव जागा मंजूर झाल्या.

आता कंपनी पुण्यात हॉस्पिटल काढतेय. तिथे पहिल्याच वर्षी चोवीस जागा, आणि गार्गीने माझ्याकडे शिफारसपत्र मागितलंय. "सरूमावशी, बाबाला एवढ्यात सांगू नकोस हं, तो चिडेल." मी देणार नाही म्हणून कळवलं. तिने कारण विचारलं. चार दिवस झाले, उत्तर दिलेलं नाही. त्या कारणात तू आहेस.

माझी डायरी लिहायची सवय तुला ठाऊक आहे. २०१८चा ऑक्टोबर तिच्यात कोरा आहे. तुझा करार वाढवायचा का, यावर कुशलने माझं लेखी मत मागितलं होतं. मी लिहिलं, "डॉ. संजीव कामात चोख. मात्र टीमशी जुळवून घेत नाहीत." त्यातलं दुसरं वाक्यच कंपनीला हवं होतं, हे मला लिहितानाच माहीत होतं. तेच दाखवून त्यांनी तुझा करार थांबवला. एअरपोर्टवर तू विचारलंस, "सरू, कुणी लिहिलं असेल गं?" मी म्हटलं, "जाऊ दे रे," आणि तुझी बॅग ट्रॉलीवर चढवायला हात लावला.

वाक्य काही अगदी खोटं नव्हतं, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगितलं.

काल मंजुरी देणाऱ्या समितीला पत्र दिलं. कुठल्या पुस्तकांवर मी दुहेरी नावं सही करून चालवली, ते सगळं त्यात आहे. तय्यबाला आधी विचारलं. ती म्हणाली, "लिखिए. मेरी किताब से शुरू कीजिए." तिचं प्रमाणपत्र यात जाऊ शकतं. तिच्या जिवावर मी स्वच्छ होतेय का, या प्रश्नाशी रोज अडखळते. माझी नोकरी बहुधा जाईल. परत यायचं म्हणजे कुणाकडे, हे मात्र सुचत नाही.

गार्गीच्या फॉर्मची मुदत पंधरा डिसेंबर आहे. मी तिला फोन करू शकते, पण मग तुझ्याबद्दलचं मी माझ्या सोयीने सांगेन. म्हणून तू सांग. काही गाळू नकोस. ते वाक्य कुणी लिहिलं, ते तर नाहीच.

उत्तराची वाट बघते, असं लिहून तुला बांधत नाही.

सरोजिनी