वाटा कसा दिला

आई,

मंगळवारी सकाळी सव्वादहा वाजता, माझ्या बोईसरच्या घरात, ओट्यापाशी उभी राहून मी तुझ्या सुनेकडून सुके बोंबील विकत घेतले. पालघरच्या बाजारभावापेक्षा बरेच कमी देऊन घेतले. तारापूरच्या कारखान्यात खरेदी खात्यात मी आयुष्यभर हेच केलं. तीन ठिकाणांहून भाव मागवायचे, शेजारी शेजारी मांडायचे, आणि माल देणाऱ्याला लिहायचं की अमुक दिवसाच्या आत लेखी उत्तर न आल्यास आम्हाला दुसरीकडे जावं लागेल. निवृत्त झाले तरी सवय गेलेली नाही. म्हणून ही तक्रारही त्याच पद्धतीनं लिहिते आहे. तक्रार तुझ्याविरुद्ध आहे.

लोकांना वाटतं हे सगळं मला कारखान्यानं शिकवलं. मी ते तुझ्या मागून चालत शिकले. पालघरच्या बाजारात तुझी टोपली रिकामी झाली की तू पदराला हात पुसतेस आणि घरचं सामान घ्यायला निघतेस. मी कॉन्व्हेंटमधून सुटून आलेली, पांढरे मोजे, गळ्यात टाय, तुझ्यापासून थोडं अंतर ठेवून चालते. तू पहिल्या दुकानात तूरडाळीचा भाव विचारतेस, दोन दाणे दाताखाली धरतेस, तोंड वाकडं करतेस आणि पुढे जातेस. पुढच्या दुकानात तेच, त्याच्या पुढच्यात तेच. एक दुकानदार वैतागून म्हणतो, "मावशी, घ्यायची नाय तर खाता कशाला?" तू मागे न बघता सांगतेस, "खाल्ली म्हनून तर नाय घेत." मला मेल्याहून मेल्यासारखं होतं आणि हसूही येतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तूच टोपलीपुढे बसतेस, करंदीचे, त्या बारीक कोळंबीचे, छोटे ढीग करून वाटे लावतेस, आणि कुणी "वाटा कसा दिला?" विचारलं की त्या बाईच्या चपलांकडे बघून भाव सांगतेस. दोन्ही बाजूंचं तुला येत होतं. मला तू एकच बाजू दिलीस.

माझा पहिला पगार झाला तेव्हा आपण कुकर घ्यायला इथेच बोईसरला आलो होतो. तू मला भर उन्हात अख्खा बाजार फिरवलास आणि शेवटी पहिल्याच दुकानात परत जाऊन, थोडे जास्त देऊन कुकर घेतलास. मी रस्त्यातच चिडले. मग फिरलो कशाला? तू म्हणालीस, "त्यानं आपनहून सांगितलं, रबर वर्षभरात जाईल. बाकीचे बोलले का?" रबर वर्षभरात गेलं. कुकर अजून वापरात आहे. आता वाटतं, त्या दिवशी तू मला काहीतरी सांगत होतीस आणि मी फक्त जास्त गेलेल्या पैशांकडे बघत होते. पण मग नीट सांगायचं होतंस. अर्धवट बोलून तू पुढे चालायला लागायचीस, मागचीनं समजून घ्यावं. मी काय समजले ते बघ.

आता माझं बरं चाललं आहे. फोनवर दोन ॲपं आहेत, स्टेशनजवळचं मोठं दुकान आहे, कुंभवलीच्या रस्त्यावर डाळी-मसाल्याचा एक घाऊक व्यापारी आहे. साबणाची वडी छोटी करून भाव तोच ठेवतात, ते मला वेष्टन न वाचता कळतं. दुकानात शिरले की नोकर एकमेकांना म्हणतात, "मॅडम आ गयी, संभाल के." मला त्याचा अभिमान आहे. होता, असं लिहायला हवं. आमच्या इमारतीतल्या बायका काही मोठं घ्यायचं असलं की आधी मला विचारतात. मंगळवारी तशीच एक आली होती, समोरच्या घरातली, जळगावकडची. तिला मिक्सर घ्यायचा होता. मी तिला फोनवर भाव काढून दाखवत होते, तेवढ्यात वहिनी आली.

वहिनी इतक्या वर्षांत माझ्या घरी एकटी कधी आली नव्हती. आपल्या सातपाटीच्या घरून एसटीनं पालघर, तिथून पुढे बोईसर, डोक्यावर गोणपाटाची पिशवी. तिनं पिशवी ओट्यावर ठेवली, तोंडाची सुतळी सोडली, आणि म्हणाली, "ताय, तुमचा आगोटीचा वाटा." आगोट जवळ आलीच होती. पावसाळ्याआधी सुकं भरून ठेवायचं म्हणून मी आदल्याच दिवशी पालघरला भाव विचारून आले होते. बोंबील मोठे होते, कडक, वाळू नाही, नुसत्या उन्हाचा रंग. माझ्या तोंडून निघालं, "वाटा कसा दिला?"

वहिनीनं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, हिशोब करते आहे. मी फोन पुढे केला. "हे बघ, घरपोच या भावात देतात. पालघरला याहून कमी सांगितला काल." समोरची कौतुकानं ऐकत होती, आणि मला ते कळत होतं. वहिनी म्हणाली, "तुमीच बोला, ताय." मी पालघरच्या निम्मा भाव बोलले. घासाघीस करायला जागा हवी म्हणून बोलले, तेवढ्यात मिळेल असं मलाही वाटलं नव्हतं. ती म्हणाली, "बरं." सातपाटीची बाई पहिल्या बोलीला "बरं" म्हणते, आई, तिथेच मी थांबायला हवं होतं. मी डब्यातून पैसे काढून दिले. ते तिनं कपाळाला लावले नाहीत, मोजलेही नाहीत. "चहा टाकते," म्हटलं तर "नको, एसटी चुकंल." दारात मी तिला "थँक यू" म्हणाले. गॅसची टाकी आणणाऱ्याला म्हणते तसं. समोरची म्हणाली, "काकू, मानलं तुम्हाला. घरच्या माणसाकडून भाव पाडणं सगळ्यांत अवघड." मी हसले.

संध्याकाळी तुझ्या मुलाचा फोन. "ताय, पोचला का वाटा?" मी म्हटलं, पोचला, वहिनीनं भाव चांगला लावला. तो म्हणाला, "भाव?" आणि मग, "मंग ते देवापाशी ठेवलेत ते पैसं तुजे हायेत?" मी विचारलं, वहिनी काय म्हणाली. "काय नाय बोलली. ताय बऱ्या हायेत म्हनाली." मग त्यानं मला ते सांगितलं, जे तू मला कधी सांगितलं नाहीस. तू जाताना वहिनीला जवळ बसवून म्हणालीस, आपली बोट पाण्यात आहे तोवर लेकीचा वाटा निराळा सुकवायचा. तू गेलीस त्या वर्षी मीच त्यांना सांगितलं होतं की सुकं घेऊन येऊ नका, इमारतीत वास येतो, लोक बोलतात. त्यांनी आणलं नाही. पण वहिनी दरवर्षी वलांडीवर, बांबूच्या त्या मांडवावर, एका टोकाला माझे बोंबील वेगळे घालत राहिली, आणि वाळले की तुझ्या नावानं ज्या घरात बोट नाही तिथे देत राहिली. आता बोट विकली. "शेवटचा हाय म्हनून ती सोता घेऊन आली," तो म्हणाला. "तिला वाटलं, वास आला तं आला."

आता तू सांग. तुला बाजारातल्या ढिगालाही वाटा म्हणायचं होतं आणि घरातल्या हक्कालाही वाटाच म्हणायचं होतं, तर निदान दुसऱ्याबद्दल मला कल्पना द्यायचीस. सुनेला सांगितलंस, मुलाला सांगितलंस. ज्या मुलीला शिकवायला टोपली वाहिलीस तिला का नाही? मी घेणार नाही, असं तुला आधीच वाटलं होतं का? असेल तर तेही लिही, मी वाचीन. तक्रार तुझ्याविरुद्ध आहे, असं वर लिहिलं. ते तसंच राहू दे. पण वहिनी "तुमचा" म्हणाली होती, आणि तो शब्द मी ऐकला होता. ऐकला, आणि विकणाऱ्या बायका असंच गोड बोलतात, असं मनात म्हटलं.

प्रश्न शनिवारचा आहे. शनिवारी सकाळी घेणारे लोक बोट न्यायला येणार आहेत. त्याआधी घरच्यांनी बोटीला नारळ द्यायचा आहे आणि घरची लेक म्हणून मी लागते. वहिनी बोटीची ओटी भरायला पुढे होईल, मी तिच्या शेजारी उभी असेन. ती माझे पैसे माझ्या हातावर ठेवील, हे मला दिसतं आहे. ते घेतले, तर सगळ्यांदेखत मी भाव केला हे पक्कं होईल. न घेतले, तर मी त्या घरची गिऱ्हाईक. कारखान्यात माल परत करायची सोय असायची, रद्द करायची असायची. ह्याला काय करतात ते मला ठाऊक नाही. तुला चौथीपर्यंतचं लिहिता येत होतं, तेवढं पुरे. तोंडी नको, तोंडी कुणी काही सांगितलं की मी घासाघीस करते. मी तिच्यासमोर पहिलं वाक्य काय बोलायचं, एवढंच लिही. मला ते येत नाही. उत्तर लेखी हवं, शुक्रवारी संध्याकाळच्या आत.