सातशेची फ्रिक्वेन्सी मी सोडणार नाही

प्रिय डेल्बर्ट,

तुझ्या रेडिओ क्लबचं पत्र मिळालं. टाइप केलेलं, वर शिक्का, खाली अध्यक्ष म्हणून तुझी सही आणि मायना काय, तर 'माननीय श्रीमती ओलेटा कॉम्ब्स'! सहा वर्षांत तू मला लिहिलेली ही पहिली ओळ. तुला पाठीवर घेऊन ओढा ओलांडायचे आणि तू माझ्या वेण्या लगामासारख्या ओढायचास, तेव्हा मी कुठे माननीय होते? सातशेची फ्रिक्वेन्सी आधीपासून वापरात आहे, सबब मी माझा रिपीटर तीस दिवसांत तिथून हलवावा, असं पत्रात आहे. उत्तर आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील. हलवणार नाही.

हा उपद्व्याप मी का केला, ते तुला तुमच्या सभेत कुणी सांगितलं नसेल. फेब्रुवारीत ओढा चढला, पूल गेला, तारा गेल्या. मोबाइल तर आपल्या खोऱ्यात कधीच लागत नाही. शेजारचा होबार्ट गावात अडकला होता आणि त्याची बायको नेटी मांडीचं हाड मोडून दीड दिवस स्वयंपाकघरात जमिनीवर पडून होती. टेकाडावरून डोकावणाऱ्या तिच्या धुराड्याच्या टोकातून धूर येत नाही हे मला माझ्या ओसरीवरून दिसत होतं. मला वाटलं, बहिणीकडे गेली असेल. मी निवांत कॉफी पीत बसले, डेल्बर्ट. तिच्या हाताशी रेडिओ होता, पण मधल्या टेकाडापलीकडे तिचा आवाज जाईना. तुमच्या क्लबचा मनोरा पलीकडच्या डोंगरावर, आणि तो गाठता आला असता तरी त्याची टोन, म्हणजे तो उघडणारा खुणेचा सूर, तुम्ही फक्त सभासदांना सांगता. नेटी वाचली. आता काठी घेऊन चालते. तिची काठी वाजली की मला ती कॉफी आठवते.

म्हणून ठरवलं, आपल्या खोऱ्यातल्या नऊ घरांसाठी आपलाच रिपीटर. डोंगराच्या सोंडेवर होबार्टचं जुनं तंबाखूचं कोठार आहे ना, त्याच्या माथ्यावर. यंत्र बसवणं सोपं होतं. खालचा बारीक आवाज उचलायचा आणि वरून मोठ्याने सगळ्यांना ऐकवायचा, एवढंच त्याचं काम. अवघड होतं ते फ्रिक्वेन्सी निवडणं. सरकारने आपल्यासारख्यांना रिपीटरसाठी आठच दिल्या आहेत, शेवटच्या तीन आकड्यांनी ओळखायच्या. बाबा म्हणायचे तसं केलं, आधी महिनाभर ऐकायचं, मग तोंड उघडायचं. स्वयंपाकघरात कॅलेंडरच्या मागच्या बाजूला आठ रकाने आखले. शेंगा निवडताना, मक्याची भाकरी भाजताना रेडिओ चालू. सहाशे पंचाहत्तर वाटसरूंसाठी सोडली. एक दगडखाणीची. एकीवर ट्रकवाले आपापल्या सासवांबद्दल जे बोलतात ते इथे लिहिण्यासारखं नाही. तीन तुमच्या क्लबच्या, दोन माणसांना तीन! उरल्या दोन, आणि त्यातली सातशेची पाच आठवडे मुकी. मी रकान्यात मोठ्ठं शून्य काढलं आणि कामाला लागले.

आता हस. होबार्ट तारा जोडायला आला, माझा रेडिओ हातात घेतला आणि मटकन खुर्चीत बसला. म्हणाला, 'ओलेटाबाई, कानात बोळे घालून घरात कोणी आहे का म्हणून विचारताय होय? टोन लावून ठेवलीय की तुम्ही!' पाच आठवडे मी माझी टोन लावूनच ऐकत होते. म्हणजे ठरलेली थाप पडली तरच दार उघडणार, बाकी कुणी बाहेर बोंबलला तरी मला शांतताच. त्याच्याबरोबर आलेली नेटी आतून ओरडली, 'अगं, एवढ्या वर्षांचा परवाना तुझा, आणि नवशिक्यासारखी चूक?' मी म्हटलं, परवाना भिंतीवर असतो, अक्कल कुठे असते ते तूच सांग.

टोन काढली आणि पुन्हा पाच आठवडे ऐकलं. बाकीच्या रकान्यांत फारसा फरक पडला नाही. सातशेवर मात्र तिसऱ्या दिवशी, संध्याकाळी साडेपाचला, एक माणूस बोलला. बारीक आवाज, हातातल्या छोट्या रेडिओचा. आधी त्याने परवान्याची अक्षरं सांगितली. ती माझी होती. बाबा ओसरीवरून बोलू शकावेत म्हणून मी काढलेल्या परवान्याची. मग म्हणाला, 'चाचणी. आज वारं आहे. आईच्या बाजूचं गवत काढलं. दगड थोडा कलला होता, टेकू दिलाय.' मग बराच वेळ नुसती खरखर. मग पुन्हा माझी अक्षरं, आणि बंद. त्या रकान्यात आता अकरा खुणा आहेत. टेकडीवरच्या आपल्या दफनभूमीतून थेट माझी खिडकी दिसते, हे मला माहीत आहे. अध्यक्षमहाराज, क्लबच्या 'वापरात' असलेली सातशे ती हीच ना? तिच्यावर एकच माणूस बोलतो, आणि माझा रिपीटर सुरू झाला की त्याचा आवाज त्याखाली बुडेल, म्हणून त्याला शिक्क्याचं पत्र लिहावं लागतं.

बाबांना तू गावातल्या दफनभूमीत पुरलंस, आईपासून सात मैल दूर, हे मी विसरलेले नाही. मातीच्या वेळी सगळ्यांदेखत जे बोलले तेही मागे घेत नाही. पाद्री काय म्हणतील, रस्ता चिखलाचा आहे, पेटी वर कशी न्यायची, या सबबी तेव्हाही मला पटल्या नव्हत्या आणि आजही पटत नाहीत. पण गवत मी काढत नव्हते. गुडघे दुखतात म्हणून दोन वर्षं वर गेलेच नाही, आणि मे महिन्यात फुलं वाहायलाही होबार्टला पाठवलं. दगड कलला होता हे मला तुझ्याकडून कळलं. अकरा संध्याकाळी माझा अंगठा बटणावर होता आणि एकदाही दाबला नाही. तुला भित्रा म्हणायचं तर मला आधी स्वतःला म्हणावं लागेल. रडू आलं, तेही लिहूनच टाकते.

पण फ्रिक्वेन्सी सोडणार नाही. ती ना माझ्या बापाची, ना तुझ्या, आणि आपला बाप तर एकच होता. नियम सांगतो की ती कुणा एकाची नसते, सगळ्यांनी सांभाळून वापरायची. दुसरी रिकामी आहे, तिथे मी जाऊ शकते, हेही मला ठाऊक आहे. जाणार नाही. मी सरकले तर तू आणखी सहा वर्षं टेकडीवर बसून खरखरीला गवताच्या बातम्या सांगशील. तुला बोलायचं असेल तर उघड बोल, नऊ घरांच्या देखत, नेटीच्या टोमण्यांसकट. क्लबने माझ्याविरुद्ध खुशाल ठराव करावा. हो, सभेत माझी बाजू मांडताना तुझ्या आवाजाचा उल्लेख मी करणार नाही. ते आपल्या दोघांतलं.

म्हणून हे पत्र. टोन एकशे एकेचाळीस दशांश तीन, कागदावर लिहून ठेव. रविवारी संध्याकाळी सहाला रिपीटर सुरू होईल आणि मी घराघराची हजेरी घेईन, नेटीपासून. परवान्याची दहा वर्षं या महिन्यात संपत होती, काल नवा केला. तो एकाने काढला तरी घरातल्या सगळ्यांना चालतो, आणि भाऊ घरातलाच असतो, असं सरकारने छापलंय. मी ते खोडलेलं नाही. यादीत नऊ घरांनंतर दहावं नाव तुझं आहे. मी हाक मारीन. तू गप्प राहिलास तर नऊ घरं ती शांतता ऐकतील, आणि त्यापुढच्या रविवारी मी पुन्हा हाक मारीन.

तुझीच, आणि अजिबात माननीय नसलेली,
ओली