जिथं ओरडले, तिथंच

३ फेब्रु., मंगळ.
नाशिकच्या दुकानात कुकरऐवजी पाळणे पोचले. चाळीस खोके! वळ गावातल्या आमच्या गोडाऊनमध्ये सकाळपासून फोनवर फोन. सुपरवायझर मी, म्हणून जाब मला. मी पॅकिंगच्या सुगंधाताईंवर सगळ्यांसमोर ओरडले, "वाचता येत नाही तर सांगायचं ना!" त्यांनी हातमोजे काढून टेबलावर ठेवले. गेल्या.

४ फेब्रु.
ताई आल्या नाहीत. दुपारी कॉम्प्युटरवर बघितलं. लेबलंच चुकीची छापलेली. मी छापलेली, घाईत. ताईंनी दिलेलं लेबल दिल्या जागी लावलं होतं. जेवणाचा डबा उघडलाच नाही. साहेबांना सांगून टाकलं. म्हणाले, "माल बदलून पाठवू. तिचं तू बघ."

५ फेब्रु., गुरु.
सुट्टी टाकली. वज्रेश्वरीची एसटी, पुढे पाड्यापर्यंत पायी. रस्ताभर वाक्यं जुळवली. कामाचा ताण, वरून दबाव वगैरे. ताई अंगणात वाल सोलत होत्या. त्यांना बघून सगळं विसरले. "चूक माझीच होती. लेबलं मी छापली. आणि वाचण्यावरून जे बोलले, ते तर..."
त्यांनी पाणी दिलं. "मला वाचता येतं. चौथी शिकलेय." मग पुन्हा वाल सोलत, "आन् इथं कोन हाय ऐकायला? कोंबड्या? जिथं वरडलीस, तिथं बोल."
निघताना ओंजळभर वाल दिले. म्हणजे येणार? विचारायची हिंमत झाली नाही.

६ फेब्रु., शुक्र.
आल्या!!
शिफ्टच्या आधी सगळे जमले. मी पुढे झाले. बोलले, "लेबलं मी चुकवली. ओरडले सुगंधाताईंवर. त्यांची काही चूक नव्हती. ताई, माफ करा." कारण एकही दिलं नाही. मग ताईच मोठ्यांदा, "मागं ऐकू न्हाय आलं. परत बोल!"
हशा. मीही हसले, डोळे पुसत. परत बोलले, चांगलं ओरडून. फोर्कलिफ्टवाले भाई म्हणाले, "मॅडम, अब तो नासिक तक सुनाई दिया!"
किती दिवसांनी इतकं हलकं वाटतंय.

७ फेब्रु., शनि.
ताईंची अट: लेबल लावायच्या आधी त्या वाचणार. शंका आली की गाडी थांबणार, मी कितीही घाई केली तरी. मी लगेच हो म्हटलं. साहेब म्हणाले, "पॅकिंगवाले गाडी थांबवणार? सोमवारी बघू."
ताई सोमवारपर्यंत थांबल्याच नाहीत. चारच्या गाडीला हात दाखवला, एक खोका उतरवला, अक्षर अक्षर लावून लेबल वाचलं. बरोबर निघालं.
"बरोबर हाय," म्हणाल्या, "जाऊ दे."
साहेब केबिनच्या काचेतून बघत होते. अडवायला मात्र बाहेर आले नाहीत.