दोन टोपणं

प्रिय ज्ञानेश,

रोज फोन होत असताना ताईने पत्र का लिहावं, म्हणून घाबरला असशील. घाबर. मीही घाबरलेलीच आहे. फोनवर बोलताना आई शेजारी बसून माझ्या तोंडाकडे बघत राहते, आणि हे तिच्यासमोर बोलण्यासारखं नाही. सावळीरामभाऊ भाजीची गाडी रिकामी करून सायखेड्याला परत निघालेत, त्यांच्याकडे पाकीट चिकटवून देतेय. मळ्यात एकटा बसून वाच. मनीषाला नंतर दाखव, बायकोपासून लपवू नकोस.

आई सुखरूप आहे, आधी ते सांगते. जेवते, वेणी घालून घेते. कधी मला शुभे म्हणते, कधी कामवाली समजून "जा गं बाई घरी, पोरं वाट बघत असतील" म्हणते. दोन वर्षांपूर्वी ती विहिरीच्या काठावर पाय सोडून बसलेली सापडली, तेव्हा मीच हट्टाने तिला इंदिरानगरला माझ्याकडे आणलं. तिसऱ्या मजल्यावर विहीर नसते, असं तुला ऐटीत सांगितलं होतं. विहीर नाही, पण फिनेल आहे.

तुला आठवतं, फवारणीच्या दिवशी ती कशी वागायची? ओलं बोट वर धरून वारा बघायची. एका पंपाला दोन टोपणं औषध, थेंबभर जास्त नाही. संध्याकाळी अंघोळ होईपर्यंत आपल्याला जवळ येऊ द्यायची नाही. तू रडत पदर धरायला धावलास की काठी उगारायची. आपण तिला खाष्ट म्हणायचो.

सोमवारी दुपारी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. रवी सातपूरला कंपनीत, पहिल्या पाळीला. आत आईने फिनेलची दोन टोपणं मोजून माठात ओतली आणि पळीने ढवळली. सृष्टी शाळेतून आली ती थेट माठाकडे. घोट घेतला आणि थुंकली, म्हणून वाचली. ओठ लाल झाले होते. डॉक्टरांनी तपासून घाबरायचं कारण नाही म्हटलं. आई मात्र खुशीत. "आता आळी नाय पडायची," म्हणाली.

माठ मी फोडून टाकला, बाटली कुलपात ठेवली. बाबांना सांगू नको, असं सृष्टीला बजावलं. रवी चिडला नसता. शांतपणे म्हणाला असता, आता आईंना संस्थेत ठेवू, आणि मला नाही म्हणता आलं नसतं. त्या दिवसापासून सृष्टी घरात पाणीच पीत नाही. शाळेतून बाटली भरून आणते आणि उशाशी ठेवते.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. काल, गुरुवारी, फरशी पुसून झाल्यावर बाटली कुलपात ठेवायला मी विसरले. विसरले, असंच मी स्वतःला सांगतेय. स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं तर आईच्या तांब्यातलं पाणी दुधाळ झालेलं, आणि ती ते फुलपात्रात ओतून घेत होती. स्वतःला प्यायला. ज्ञानेश, मी चार पावलांवर होते. ओरडले नाही. कुकरची शिट्टी सुरू झाली, संपली, तरी माझा पाय उचलला नाही. तेव्हा मनात काय आलं ते कागदावर लिहवत नाही, तुला कळेल. आईने फुलपात्र तोंडाशी नेलं, वास घेतला, मान वर करून मला पाहिलं आणि हात आडवा धरला. "शुभे, लांब हो. औषध हे." मग सगळं मोरीत ओतलं, साबणाने कोपरापर्यंत हात धुतले. मी रडत जवळ गेले तर मला हातभर लांबच थांबवलं. अजून अंघोळ व्हायची होती ना तिची.

मला तिची भीती नाही वाटत रे, माझी वाटते. झेंडूचा हा तोडा आटोपला की लगेच ये. तिला न्यायला नको, चार-आठ दिवस राहायला ये. रवीला आपण दोघं मिळून सांगू. पाळ्या लावू, बाई ठेवू, काय ते ठरवू. पण तोवर रोज दुपारी न चुकता फोन कर, आणि आईची तब्येत विचारायच्या आधी मला विचार, बाटली कुठे आहे.

तुझीच,
ताई