पाठीवरचा भोपळा

सोलापूर

तात्या,

'तीर्थरूप' लिहायला हात धजत न्हाय, म्हणून नुसतंच तात्या.

नेव्हीचं ट्रेनिंग संपवून मी सुट्टीवर आले. काल मैंदर्गीच्या स्टँडवर माझ्या अभिनंदनाचा फ्लेक्स बघितला आन् गावात न शिरता माघारी फिरले. माझा फोटो एवढासा, आन् 'मार्गदर्शक' म्हणून तुमचा केवढा! पुतणीला कसलं मार्गदर्शन केलंत ओ?

गावातल्या सगळ्या पोरांना पाठीला वाळका भोपळा बांधून पोहायला तुमीच शिकवलंत. मी आन् तुमची रेश्मा हिरीत उतरलो, तर वेणी धरून वर ओढलंत. म्हणालात, "बाई हिरीत दिसली की लोक जीव दिला म्हणत्यात."

पुढं शेरडांसाठी त्याच हिरीतनं पाणी काढताना रेश्माचा पाय घसरला. मी काठावर वरडत होते. तुमी येईस्तोवर सगळं संपलं होतं. लोकांनी तेच म्हटलं की, जीव दिला! पाय घसरला म्हणून मी सांगत होते, तर तुमी मलाच गप्प बसवलंत.

ट्रेनिंगात पोहण्यात मी आधी नापास झाले. सरांनी विचारलं, "गावाकडं विहीर नव्हती का?" मी म्हटलं, होती. दुसऱ्या खेपेला पास झाले.

तुमची पत्रं काकू वाचतात, म्हणून हे टाकत न्हाय. उद्या स्वतःच येते. लोकांदेखत त्याच हिरीत उडी मारणार हाय. पोहून वर आले की तुमाला एवढंच विचारीन: रेश्माच्या पाठीला भोपळा का बांधला न्हाय?

रेश्माची बहीण,
प्रियंका